छापखानेवाल्यांच्या गाडीचं लॉक

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळे ‘पुरावा’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

त्याची एक रीत होती. गाडीतला कुठलाही भाग बदलला की जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा आणि तो कुठे झिजला, कुठे चिरला, कुठे जळला हे बोट ठेवून दाखवायचं. “आमचा विश्वास आहे हो तुमच्यावर,” असं गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी सुटका नसे. “विश्वास घरी ठेवा. इथे बघा,” म्हणत तो त्याला उजेडात ओढून न्यायचा. एका बाईंच्या गाडीत हवेच्या फिल्टरपाशी उंदीर मरून पडला होता. दुसरा कोणी असता तर गुपचूप फेकून मोकळा झाला असता. ह्या गृहस्थाने तो रीतसर कागदात बांधून बाईंच्या हातात ठेवला. बाई पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढल्या नाहीत. “पण वास कशाचा येत होता ते कळलं की नाही त्यांना?” हे त्याचं त्यावरचं उत्तर.

शेजारपाजारचे गॅरेजवाले त्याला हसत. हसोत बापडे. गाड्यांच्या धंद्यात निम्मी कमाई न बिघडलेल्या वस्तूंवर होते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे मूग गिळून बसतात. हा बसत नसे. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे त्याच्या तोंडी सारखं असायचं, आणि ते ऐकून ऐकून त्याची बायको इतकी कंटाळली होती की भाजीत मीठ जास्त झालं तरी “तुम्हीच दाखवा कुठे आहे ते” म्हणायची.

मित्र म्हणावा असा त्याला एकच होता, छापखानेवाले. लग्नाच्या पत्रिका, बिलांची पुस्तकं, दुकानांची हँडबिलं छापणारा छोटासा छापखाना होता त्यांचा, आणि नखांत कायम शाई. गाडी म्हातारी होती, पण मालकाचा तिच्यावर जीव. गाडीला काही झालेलं असो नसो, संध्याकाळी ते गॅरेजात येऊन आडव्या ठेवलेल्या टायरवर बसत आणि तिथून मिस्त्रीला अक्कल शिकवत. स्वतः पान्याला हात लावायचा नाही, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या. दोघांचं रोज भांडण व्हायचं, आणि एखाद्या दिवशी छापखानेवाले आले नाहीत तर मिस्त्रीचा चहा निम्मा तसाच राहायचा.

त्यांचं घर उताराच्या रस्त्यावर होतं. मागे एकदा हँडब्रेक सुटून त्यांची गाडी आपली आपण खाली गेली आणि शेजाऱ्याच्या फाटकावर आदळली. तेव्हा मिस्त्रीने त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. “उतारावर गाडी लावली की चाकं फुटपाथाकडे वळवायची आणि टेकवून ठेवायची. हँडब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही.” छापखानेवाल्यांनी आयुष्यात मिस्त्रीचं ऐकलेलं ते एकच, पण ऐकलं ते पक्कं. तेव्हापासून गाडी फाटकासमोर उभी असली की पुढची चाकं फुटपाथाच्या कडेला घट्ट टेकलेली दिसायची.

एका दुपारी जेवून उठता उठता छापखानेवाल्यांनी छातीवर हात दाबला आणि खुर्चीत बसले ते घामाने निथळतच. घरात बायको होती, आणि परगावी नोकरी करणारी मुलगी सुट्टीवर आलेली होती. दोघींनी त्यांना धरून गाडीत मागच्या सीटवर नेलं. बायकोने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मुलगी पुढे बसली आणि तिने चावी घातली. चावी फिरेना. काढून पुन्हा घातली, पुसून घातली, उलटी घातली, दोन्ही हातांनी जोर लावला. चावी जागची हलेना. मागून आई म्हणत होती, “अगं लवकर, अगं लवकर.” शेवटी पोरगी रस्त्यावर धावली आणि एका टेम्पोपुढे आडवी उभी राहिली. टेम्पोतून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं. ते एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे वळतात, आणि ते वाक्य माणसांना घरी घेऊन जावं लागतं.

दवाखान्याच्या बाकावर आई मुलीला म्हणाली, “एक चावी फिरवता आली नाही तुला?” त्यानंतर ती मुलीशी एक शब्दही बोलली नाही.

मिस्त्री त्या दुपारी सुटे भाग आणायला बाजारात गेला होता. परतला तेव्हा शेजारच्या गॅरेजवाल्याने सांगितलं. तो रडला नाही. हातातली खोकी खाली ठेवली, कुलूप लावलं आणि मित्राच्या घरी जाऊन भिंतीशी उभा राहिला. लोक येत होते, जात होते. त्याला तिथे भांडायला कोणी नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी वहिनींचा, म्हणजे छापखानेवाल्यांच्या बायकोचा, फोन आला. “मिस्त्री, जरा येऊन जा. गाडी बघायची आहे.”

तो गेला तेव्हा वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. मुलगी मागे पायरीवर होती. वाळून काटकी झाली होती ती. नोकरीवर परत गेली नव्हती.

“मिस्त्री, तिला सांगा, आतून चावी आण म्हणावं,” वहिनी म्हणाल्या.

पोरगी पाच पावलांवर उभी. मिस्त्रीला क्षणभर कळेना की हे कोणाला सांगायचं आहे. त्याने तिच्याकडे पाहिलं तर ती आधीच आत वळली होती. म्हणजे हे रोजचंच होतं. घरात असंच चालत होतं, भिंतीशी बोलून, दारात आलेल्या माणसाच्या तोंडून. मेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणसं एकमेकांना जास्त गमावतात कधीकधी, आणि त्यांना सांगणार कोण?

“दुरुस्ती नको आहे मला,” वहिनी सांगू लागल्या. “गाडी मी काढून टाकणार आहे. घेणारा उचलून नेईल. मला एवढंच सांगा, गाडी बिघडली होती, की हिला जमलं नाही? रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. कोणी म्हणतं जुनी गाडी, कोणी म्हणतं पोरगी घाबरली. तुम्ही दाखवल्याशिवाय बोलत नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. मला दाखवा.”

“दाखवतो,” मिस्त्री म्हणाला. ते त्याच्या तोंडातून सवयीनेच गेलं.

तो गाडीत बसला आणि बसता बसताच त्याला कळलं. स्टिअरिंग दगडासारखं घट्ट होतं, चाकं नेहमीसारखी फुटपाथाला टेकलेली. चावी काढल्यावर स्टिअरिंग जरा हललं की आतला खिळा पडतो आणि ते अडकतं, चोराने गाडी पळवू नये म्हणून. चाकं अशी दाबून टेकलेली असली की सगळा ताण त्या खिळ्यावर येतो आणि चावीही जाम होते. त्यावर उपाय काय? स्टिअरिंग फुटपाथाच्या उलट बाजूला किंचित ओढून धरायचं आणि चावी फिरवायची, बस्स. जोर लावावा तेवढी ती अडते. छापखानेवाल्यांचा हात रोज हे करायचा, पण आपण असं काही करतो हे त्यांनाही ठाऊक नसणार. जिना उतरताना पाय कसा टाकतो हे कोणी घरच्यांना सांगून ठेवतं का? पोरगी गाडी शिकली ती क्लासच्या गाडीवर, सपाट मैदानात.

एका हाताने त्याने स्टिअरिंग ओढून धरलं, दुसऱ्याने चावीला हात लावला. चावी फिरली.

बॅटरी कधीच उतरली होती, त्यामुळे दिवा लागला नाही की आवाज झाला नाही. बाहेर उभ्या असलेल्या दोघींना काही कळलं नाही. चाकं टेकवून ठेवायला ज्याने शिकवलं, त्यानेच चावी अडली तर काय करायचं हे सांगितलं नव्हतं. कधी सुचलंच नव्हतं. मित्र चालवत होता ना गाडी. त्याच्या घरी आणखी कोणाला कधी चालवावी लागेल असं वाटलं नव्हतं.

त्याने चावी मागे फिरवली आणि बाहेर काढली. वहिनींना हाक मारायची, आत बसवायचं, स्टिअरिंग ओढून दाखवायचं, असं सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. तेवढ्यात तळहातावरच्या चावीकडे त्याचं लक्ष गेलं. पोलादाची चावी, पण मानेपाशी तिला पीळ बसला होता. बारीकसाच, पण उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसत होता. माणसाच्या बोटांनी अशी चावी पिळता येते हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

मुलगी खिडकीशी आली होती. “काका,” ती हळूच म्हणाली, “मी खूप जोर लावला होता हो.”

“लॉक खराब आहे,” मिस्त्री म्हणाला. मग तेच वहिनींना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला. “लॉक खराब आहे. काढून गॅरेजात खोलावं लागेल. उद्या आणून दाखवतो.”

गॅरेजात येऊन त्याने शटर अर्धं ओढलं आणि लॉक टेबलावर खोललं. आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, चावीच्या दात्यांप्रमाणे वर-खाली होणाऱ्या. सगळ्या स्वच्छ होत्या, एकही झिजलेली नव्हती. असणारच कशी? मित्र जायच्या दोन महिने आधी गाडी त्याच्याकडेच आली होती आणि त्यानेच हे लॉक साफ केलं होतं. “डोळे मिटून चालवा,” असं छापखानेवाल्यांना म्हणाला होता. “डोळे मिटून चालवली तर तुझ्याच गॅरेजात घुसेल,” ते म्हणाले होते.

त्याने पक्कड घेतली. एक पट्टी वाकवून मोडली आणि तिची स्प्रिंग उपटली. मोडलेली कड नवी नवी चकाकत होती, ती कानशीने मारली, जुनं ग्रीस चोळलं, फडक्याने पुसलं आणि पुन्हा चोळलं. जन्मभर लोकांच्या लबाड्या पकडल्या होत्या, त्यामुळे लबाडी कुठे उघडी पडते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. धडधाकट वस्तू तो पहिल्यांदाच मोडत होता. हे करताना त्याला रडू फुटलं. मित्र गेला त्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं त्या टेबलाशी आलं, आणि तो एका हाताने डोळे पुसत दुसऱ्याने कानस चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते लॉक वहिनींच्या पुढ्यात कागदावर मांडलं. समोरच्या खोलीत कोऱ्या कागदांचे गठ्ठे अजून तसेच होते, शाईचा वासही होता. मुलगी आतल्या दाराशी उभी राहिली.

“ही पट्टी बघा. मोडून आडवी पडली होती. चावी फिरायला जागाच नव्हती.”

वहिनींनी लॉक हातात घेतलं. पट्टीवरून बोट फिरवलं. “म्हणजे हिला जमणारच नव्हतं?”

“कोणालाच नसतं जमलं. मी असतो तरी नाही.”

वहिनींनी लॉक उजेडाकडे धरून ती पट्टी पुन्हा पाहिली. मिस्त्रीला वाटलं, झालं, सुटलो. पण माणूस खोटं बोलायला बसला की एका पायरीपुढचं त्याला दिसत नाही, आणि ह्याला तर सवयही नव्हती.

“पण मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “हे जायच्या दोन महिने आधी गाडी तुमच्याकडेच होती.”

मिस्त्री कागदाची कड सरळ करू लागला.

“हे म्हणाले होते मला, लॉकसुद्धा साफ करून दिलंय म्हणून. तेव्हा नाही दिसलं हे?”

आता खरं सांगावं तर पोरीच्या गळ्यात पुन्हा तेच. पट्टी नंतर मोडली म्हणावं, तर “जोर लावून हिनेच मोडली का?” हा प्रश्न ठेवलेलाच. मिस्त्रीने कागदाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पोरीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती.

“मी लॉक खोललंच नव्हतं,” तो म्हणाला. “वरवर तेल सोडलं आणि केलं म्हणून सांगितलं.”

“तुम्ही?”

“हो.”

वहिनी उठून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. “तुमच्या टायरवर बसायला रोज यायचे ते. घरी चहा टाकलेला असला तरी तुमच्याकडे प्यायचे. आणि तुम्ही त्यांच्या गाडीत कामचुकारपणा केलात. लोकांना उंदीर काढून दाखवता, आणि माझ्या माणसाच्या वेळी हात दुखले तुमचे.” त्या थांबल्या. “माझा माणूस तुमच्यामुळे गेला. पुन्हा ह्या दारात येऊ नका.”

मिस्त्री उठला. लॉक त्यांच्याच हातात राहिलं. तो चप्पल पायात सरकवत होता तेव्हा त्याला मागून वहिनींचा आवाज आला. “ये इकडे. ये गं. कालपासून जेवली नाहीस तू.” मग पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि तिच्यामागे आईचं. तो फाटक लावून उताराने खाली गेला.

बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि अशी बातमी तर लोक हातोहात नेतात. ‘पुरावा’ म्हणणारेच म्हणू लागले की खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. त्या रस्त्यावरच्या गाड्या येईनाशा झाल्या. ज्या येत, त्यांचे मालक आता खरोखरच डोळ्यांत तेल घालून उभे राहत. त्याने जुना भाग दाखवायला घेतला की एखादा हसून म्हणे, “बरं बरं, द्या इकडे.” हे मात्र त्याला लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

बायकोने एकदाच विचारलं. “तुम्ही लॉक खोललं नव्हतं?”

“नव्हतं.”

“तुम्ही?”

“सांगितलं ना.”

तिचा विश्वास बसला नव्हता, पण काय खरं ते तो सांगणार नाही हेही तिला कळलं. चहाचा कप त्याच्यासमोर ठेवून ती आत गेली.

पुढे मुलगी नोकरीवर परत गेल्याचं त्याच्या कानावर आलं. आईचा रोज फोन जातो तिला, असंही कोणी म्हणालं. एवढ्यावर त्याचं समाधान होतं. संध्याकाळी तो आडव्या टायरवर स्वतःच बसून चहा प्यायचा.

आणि एका दुपारी ती गॅरेजात आली. सुट्टीवर आली होती. जरा भरली होती, पण चेहरा पांढराफटक.

“काका, लॉक खराब नव्हतं ना?”

“मोडलेली पट्टी बघितलीस ना तू?”

“बघितली. मागच्या आठवड्यात ऑफिसची गाडी अशीच उतारावर उभी होती. ड्रायव्हर चावी फिरवायला गेला, फिरेना. मी मागे बसले होते. त्याने स्टिअरिंग जरा ओढलं आणि चावी फिरली.” ती थांबली. “तो शीळ घालत होता, काका. त्याची शीळ थांबलीसुद्धा नाही.”

मिस्त्रीने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला ते म्हणवेना.

“मला करून दाखवा,” ती म्हणाली.

दुरुस्तीला आलेली एक गाडी दाराशी उभी होती. त्याने तिची चाकं पायरीच्या दगडाला टेकवली, चावी काढली, स्टिअरिंग अडकवलं आणि तिला आत बसवलं. तिने चावी घातली. फिरेना. तिची बोटं पांढरी पडली तसा तो म्हणाला, “जोर नको. दगडापासून लांब ओढ. अगदी थोडं.”

चावी फिरली.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच.”

तिने स्टिअरिंग पुन्हा अडकवलं आणि पुन्हा सोडवलं. पुन्हा अडकवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. ती करतच राहिली आणि मिस्त्री दाराला धरून उभा राहिला. आपण एका आईला मुलगी परत दिली, पण ह्या पोरीच्या वाट्याचं काहीच कमी केलं नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या समजलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “आईला आजच सांगते मी.”

“नको.”

“ती काय काय बोलते तुमच्याबद्दल, माहीत आहे? जेवताना, झोपताना. परक्या माणसांपुढेसुद्धा. मला ऐकवत नाही, काका.”

“तुझ्याशी बोलते ना?”

तिने मान डोलावली.

“मग बोलू दे. ऐकत जा. माझी बाजू घ्यायची नाही, मध्ये तोंड घालायचं नाही.”

“आणि मी हे कसं...”

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. गॅरेजात दुसरा आवाज नव्हता, त्यामुळे पलीकडचं बोलणं मिस्त्रीलाही ऐकू आलं. “कुठे राहिलीस गं? तुझ्यासाठी थांबलेय मी जेवायची.”

पोरीने डोळे मिटले. घसा साफ केला.

“आले, आई,” ती म्हणाली. “रस्त्यातच आहे.”

मग तिने गॅरेजातल्या नळावर तोंड धुतलं, ओढणीला पुसलं आणि ती घरी गेली.